बेस ‘गेलं’ म्हणजे नेमकं कोण गेलं?

"अरे, ते परत गेलं बघ."

शनिवारी संध्याकाळी वाचनालयातून काकूंचा फोन आला की पुढचं सगळं मला पाठ झालं होतं. मी विचारणार, "काकू, काय करत होतात तेव्हा?" त्या म्हणणार, "मी कुठे काय केलं? नुसतं बटण दाबलं." मग मी बडोद्यातल्या रावपुऱ्यातून स्कूटर काढणार, दांडिया बाजारात पोचणार, संगणक बंद करून चालू करणार. बेस, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी ठेवायचा आमचा प्रोग्राम, उघडलं की "झालं हो काकू" म्हणून बाहेर पडणार आणि वाटेत सेव-उसळ खाऊन घरी येणार. असं तीनदा झालं. चौथ्यांदा बेस उघडलं, पण दुपारपासून चढवलेली चाळीस पुस्तकं त्यात नव्हती. त्या दिवशी सेव-उसळ राहिली आणि मी मुकाट वाचायला बसलो.

आमच्याकडचा संगणक जुना आहे. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि अठरा हजारांवर पुस्तकांच्या नोंदी लिबरऑफिस या ऑफिस संचातल्या बेस नावाच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहेत. फुकट आहे, फॉर्म बनवता येतात, देवनागरी नीट दिसतं, छोट्या संस्थेला आणखी काय हवं? पण बेस पडायला लागलं की माणूस हतबल होतो, कारण पडद्यावर खूण अशी काही उरतच नाही. खिडकी होती, आता नाही. काकूंच्या भाषेत ते ‘गेलं’. कोण गेलं, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता.

बेस ही एकटी वस्तू नाही. आपल्याला दिसतो तो फक्त काउंटर. नोंदी ठेवणारा कारकून आत बसतो, त्याचं नाव एचएसक्यूएलडीबी. हा कारकून जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे, म्हणून ती भाषा चालवणारा प्रोग्राम, म्हणजे जावाचं यंत्र, चालू असल्याशिवाय तो जागेवरून हलत नाही. खिडक्या, बटणं, अक्षरं पडद्यावर काढणारा तिसराच कोणी असतो, जीटीके किंवा क्यूटी. आणि या सगळ्यांना मेमरी वाटून देणारा, वेळ आली तर कुणालाही हाकलणारा मालक म्हणजे लिनक्सचं कर्नल. यांतला कुणीही एक आडवा झाला तरी बाहेरून दिसतं ते एकच: खिडकी नाहीशी.

आता त्या चाळीस पुस्तकांकडे येऊ, कारण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

बेसची फाइल, ज्या फाइलच्या नावाशेवटी ‘ओडीबी’ असतं ती, म्हणजे खरं तर एक गाठोडं आहे. साधी झिप फाइल. तिची प्रत काढून नावाचा शेवट ‘झिप’ असा केलात तर कुठल्याही झिप उघडणाऱ्या प्रोग्रामने ती सुटते. आत फॉर्म, क्वेरी (नोंदींतून हवं ते काढायचे लिहून ठेवलेले प्रश्न) आणि रिपोर्ट असतात, आणि ‘डेटाबेस’ नावाच्या फोल्डरमध्ये कारकुनाचं दप्तर: स्क्रिप्ट, डेटा, बॅकअप, प्रॉपर्टीज. स्क्रिप्टमध्ये टेबलांचा आराखडा असतो आणि बेसमध्ये बनवलेल्या टेबलांच्या नोंदी बहुधा डेटा नावाच्या फाइलमध्ये. मी आमची स्क्रिप्ट फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा छातीत धस्स झालं. ‘पुस्तक’, ‘लेखक’ ही स्तंभांची नावं कुठेच नव्हती. त्यांच्या जागी तिरक्या रेघा, यू हे रोमन अक्षर आणि आकड्यांची रांग. वाटलं, सगळं खराब झालं. तसं नव्हतं. हा जुना कारकून इंग्रजीपलीकडचं प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहून ठेवतो, इतकंच.

जुना म्हणजे किती? बेस पहिल्यांदा आलं ते ओपनऑफिसच्या २.० आवृत्तीबरोबर, ऑक्टोबर २००५ मध्ये. २०१० मध्ये लिबरऑफिस त्यातून वेगळं निघालं. गाठोड्यातला कारकून मात्र अजून त्याच काळातला, १.८ आवृत्तीचा आहे. त्याची नवी आवृत्ती जगात आहे, पण गाठोड्याच्या आत नाही.

काकू फॉर्ममध्ये पुस्तक भरून सेव्ह करतात तेव्हा नोंद कारकुनापर्यंत पोचते, त्याच्या हातातल्या कामाच्या कागदांवर उतरते. गाठोडं पुन्हा बांधलं जातं ते बेसच्या मुख्य खिडकीतून सेव्ह केल्यावर किंवा बेस नीट बंद केल्यावर. दुपारी दोनला उघडलेलं बेस सहाला पडलं आणि मधे मुख्य खिडकीकडे कुणी गेलंच नाही, तर चार तासांचं काम कारकुनाच्या हातातच राहतं. आमचं तेच झालं होतं. फॉर्ममधलं सेव्ह आणि मुख्य खिडकीतलं सेव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या दिवसापर्यंत मलाही माहीत नव्हतं, काकूंना काय बोलणार?

याहून वाईट म्हणजे गाठोडं बांधतानाच पडणं. झिप फाइलची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. अर्धवट लिहिलेल्या झिपला शेवटच नसतो, म्हणजे अनुक्रमणिकाही नाही, आणि मग आत ऐंशी टक्के माल शाबूत असूनही प्रोग्राम म्हणतो की फाइल खराब आहे. (अशा वेळी झिप दुरुस्त करणारा लिनक्सचा साधा प्रोग्राम उरलेले तुकडे पुष्कळदा बाहेर काढून देतो, तेव्हा लगेच हाय खाऊ नये.)

हे कळल्यावर मला आपल्या बडोद्याचीच एक गोष्ट आठवली. १९१० मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांची घडी बसवली. मध्यवर्ती ग्रंथालय त्याच काळातलं. कार्डांचे खण असलेली ती लाकडी कपाटं ज्यांनी हाताळली असतील त्यांना माहीत आहे, कार्ड हातातून पडलं तर एक कार्ड पडतं. बाकीचा खण जागच्या जागी असतो. बेसचं गाठोडं म्हणजे दर वेळी अख्खं कपाट उचलून पुन्हा ठेवणं.

म्हणून बेस पडल्यावर पहिलं काम: ते पुन्हा उघडायचं नाही. हात शिवशिवतात, मान्य आहे. पण आधी त्या फाइलची प्रत काढायची, नावात तारीख घालायची आणि ती दुसऱ्या फोल्डरमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर ठेवायची. पुन्हा उघडताना प्रोग्राम ‘रिकव्हरी’ करू का विचारतो, आपण हो म्हणतो, आणि जी थोडीफार शाबूत फाइल होती तिच्यावरच नवं काहीतरी लिहिलं जाण्याचा धोका असतो. सगळे प्रयोग प्रतीवर करायचे.

मग गुन्हेगार शोधायचा. इथे लोक इंटरनेटवर सापडलेले दहा उपाय एका दमात करून बघतात, एकाने काम होतं आणि कशाने झालं ते कधीच कळत नाही. मी हे भरपूर केलेलं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

सुरुवातीला नवी, रिकामी डेटाबेस फाइल बनवावी. त्यात एक टेबल, दोन नोंदी. तीही पडली तर दोष आपल्या फाइलमध्ये नाही, प्रोग्रामात किंवा संगणकात आहे. ती मजेत चालली आणि आपलीच पडली, तर फाइलच्या आत शोध. एवढ्या एका चाचणीने अर्धं जंगल साफ होतं, आणि तरी ती कुणी करत नाही.

पुढचा संशयित प्रोफाइल. लिबरऑफिस तुमच्या सगळ्या आवडीनिवडी घरच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या कोपऱ्यात लिहून ठेवतं. गंमत म्हणजे आवृत्ती २४ ओलांडून गेली तरी त्या फोल्डरचं नाव अजून ‘४’ आहे, म्हणजे वर्षानुवर्षांचा कचरा एकाच ठिकाणी साठतो. हेल्प मेनूत ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ आहे. त्यात प्रोग्राम तात्पुरत्या कोऱ्या प्रोफाइलवर चालतो. तिथे बेस पडलं नाही तर चोर सापडला. प्रोफाइलचं फोल्डर पुसू नका, नुसतं नाव बदला. लिबरऑफिस नवं बनवून घेईल आणि जुन्यातलं काही हवं असेल तर ते हाताशी राहील.

जावाची परीक्षा तर अगदी सोपी आहे. बेसची फाइल उघडली की लगेच जावा चालू होत नाही. डावीकडे ‘टेबल्स’वर क्लिक केलं की बेस कारकुनाला हाक मारतं आणि तेव्हा जावाचं यंत्र सुरू होतं. म्हणून मी आता काकूंना "काय करत होतात" असं मोघम विचारत नाही. "फाइल उघडताना गेलं, टेबल्सवर क्लिक केल्यावर गेलं, की रिपोर्ट काढताना?" असं विचारतो. टेबल्सवर क्लिक करताच पडलं तर जावावर बोट. मग टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस, ॲडव्हान्स्ड असं जाऊन कोणतं जावा निवडलंय ते बघायचं. ६४ बिटी लिबरऑफिसला जावाही ६४ बिटीच लागतं. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘हेडलेस’ नावाचं जावाचं एक अपुरं पॅकेज मिळतं, त्यात पडद्यावर चित्र काढायचा भागच नसतो. तेच बसवलेलं असेल तर आधी पूर्ण जावा बसवून घ्यावं.

"पण काहीच बदललं नव्हतं हो" हे वाक्य जावाच्या बाबतीत तर मुळीच खरं मानू नये. जून २०१७ ची गोष्ट आहे. प्रत्येक प्रोग्रामला कामापुरता एक ढीग मिळतो, त्याला स्टॅक म्हणतात. हा ढीग वाढत वाढत शेजारच्या मेमरीत घुसू नये म्हणून कर्नल मधे थोडी मोकळी जागा सोडतं, दोन घरांमधल्या बोळासारखी. हा बोळ फारच अरुंद आहे आणि त्यावरून उडी मारून चोरी करता येते, हे ‘स्टॅक क्लॅश’ नावाने उघड झालं. उपाय म्हणून बोळ ४ किलोबाइटवरून १ मेगाबाइट इतका रुंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. पण जावा त्याच ढिगाच्या टोकाशी स्वतःचंही कुंपण घालत असतं. ३२ बिटी संगणकांवर नवा बोळ आणि जावाचं कुंपण एकमेकांवर आदळले आणि रात्री अपडेट घेतलेल्या लोकांचं लिबरऑफिस सकाळी जावाला हात लावताच कोसळायला लागलं. लिबरऑफिसमधला एक शब्दही बदलला नव्हता. पुढे कर्नलमध्येच दुरुस्ती आली. तेव्हापासून बेस पडलं की मी आधी अपडेटचा इतिहास बघतो. डेबियन-उबुंटूत प्रोग्राम बसवणाऱ्या एपीटीचा हिस्टरी लॉग असतो, फेडोरा या लिनक्समध्ये तेच काम करणाऱ्या डीएनएफचा. काल रात्री काय आलं हे तिथे तारीखवार लिहिलेलं सापडतं.

पडदा काढणाऱ्याचा दोष असेल तर लक्षण वेगळं दिसतं: मेनू उघडताना, खिडकी ओढताना, तारखेचं छोटं कॅलेंडर उघडताना पडतं, डेटाशी संबंध नसतो. ‘एसएएल यूज व्हीसीएलप्लगइन’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला (प्रोग्राम सुरू होताना वाचतो त्या सूचनेला) ‘जेन’ अशी किंमत देऊन टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, लिबरऑफिस चालू केलं तर ते जुन्या साध्या रूपात येतं. दिसतं अगदी ९५ सालच्या बँकेसारखं, पण चाचणीपुरतं पुरे.

आमचा चोर यांपैकी कुणीच नव्हता.

काकूंना "नेमकं कधी" हे चार वेळा विचारल्यावर कळलं की तीन वेळा ते वर्षाअखेरच्या यादीच्या रिपोर्टवर गेलं होतं. चौथ्यांदाही, चाळीस पुस्तकं चढवून झाल्यावर, "एकदा यादी बघू" म्हणून त्यांनी तेच बटण दाबलं होतं. अठरा हजार पुस्तकांचा एकच रिपोर्ट, तो बनवणारा रिपोर्ट बिल्डर जावावर चालणारा, संगणकात मेमरी २ जीबी, आणि शेजारी ब्राउझरमध्ये कीर्तन चालू. (कीर्तनाबद्दल मी काही बोललो नाही.)

लिनक्समध्ये प्रोग्राम मरतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला एक सिग्नल मिळालेला असतो आणि त्या सिग्नलला क्रमांक असतो. ११ म्हणजे प्रोग्रामने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला. ६ म्हणजे आत काहीतरी अशक्य घडलं असं पाहून त्याने स्वतःच काम थांबवलं. ९ म्हणजे त्याला बाहेरून मारलं. ११ वर लिबरऑफिस मरता मरता उघड्या फायली वाचवायचा प्रयत्न तरी करतं. ९ वर ती संधीच मिळत नाही, डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच खिडकी गायब. आमची अशीच जायची.

मेमरी संपत आली की कर्नल सगळ्यांकडे बघतं, साधारणपणे सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेल्याला निवडतं आणि मारून टाकतं, बाकीची यंत्रणा वाचावी म्हणून. या कामाची नोंद मात्र ते इमानदारीने ठेवतं. टर्मिनलमध्ये कर्नलचा लॉग काढला आणि त्या शनिवारच्या सहा वाजेपर्यंत वर सरकत गेलो, तर ओळ समोरच होती: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, आणि पुढे ‘सॉफिस डॉट बिन’. लिबरऑफिसच्या मुख्य प्रोसेसचं नाव तेच. आणखी वर गेलो. आधीच्या तिन्ही शनिवारी तीच ओळ, तेच नाव.

म्हणजे बेस पडलंच नव्हतं, त्याला मारलं होतं. मी महिनाभर निष्पाप प्रोग्रामला शिव्या देत होतो. रिपोर्ट विषयवार तोडला, आधी कादंबऱ्या, मग चरित्रं, असा. मेमरीची ४ जीबीची पट्टी मिळवून घातली. रिपोर्टवर बेसचं ते ‘जाणं’ त्या दिवसापासून थांबलं.

लॉगमध्ये असं काही सापडलं नाही आणि सिग्नल ११ दिसला, तर मात्र प्रोग्रामातला खराच दोष असू शकतो आणि तो बनवणाऱ्यांना कळवायला हवा. "आपोआप बंद होतं" एवढं कळवून उपयोग नसतो. टर्मिनलमधून ‘सॉफिस’पुढे दोन डॅश आणि ‘बॅकट्रेस’ असं देऊन चालू केलं, की जीडीबी नावाचं तपासयंत्र सोबत बसतं आणि पडल्यावर पंचनामा लिहून ठेवतं. डीबग सिंबल्सची पॅकेजेस आधी बसवून घ्या, नाहीतर पंचनाम्यात नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. वरच्या काही ओळींत कुठल्या लायब्ररीचं (पुस्तकांची नव्हे, प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडची) नाव आहे ते बघा. ‘लिबजेव्हीएम’ असेल तर घटना जावाच्या घरात घडली, ‘जीटीके’ असेल तर पडद्याच्या. घटना ज्याच्या घरात घडली तोच गुन्हेगार असेल असं नाही, पण चौकशी तिथून सुरू होते.

एक चकवा मात्र सांगायलाच हवा, त्यात मी दोन रात्री घालवल्या. जावाचं यंत्र सिग्नल ११ स्वतःच्या सोयीसाठी मुद्दाम वापरतं. रिकाम्या पत्त्याला हात लागला का हे दर वेळी तपासत बसण्याऐवजी ते सरळ हात लावतं आणि सिग्नल आला की पकडून पुढे जातं. जीडीबी हाताने चालवलं तर तो बिचारा प्रत्येक वेळी "सापडला!" म्हणून थांबतो. तो क्रॅश नसतो, जावाची रोजची सवय असते. जीडीबीला तो सिग्नल न थांबता पुढे जाऊ दे असं सांगावं लागतं. पण मग खरा क्रॅशही त्याच क्रमांकाचा असतो. प्रोग्राम खरोखर मेला तरच तो क्रॅश समजायचा. जावाच स्वतः कोसळलं असेल तर बहुधा चालू फोल्डरमध्ये ‘एचएस एर’ने सुरू होणारी लॉग फाइल मागे टाकून जातं, तीही बघावी.

मेमरी वाढवून प्रश्न सुटला, गाठोडं तसंच होतं. वीज गेली तरी पुन्हा तेच होणार. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत नोंदी मारियाडीबी नावाच्या वेगळ्या डेटाबेस प्रोग्राममध्ये हलवल्या. बेस आहेच, फॉर्म तेच, फक्त नोंदी आता गाठोड्याच्या बाहेर. ज्यांनी दुकानाचा हिशेब पाहिला आहे त्यांना यातला फरक एका वाक्यात कळेल: मारियाडीबी आधी रोजमेळ लिहितं आणि मग सवडीने खतावणी करतं. नोंद कायम झाली की ती डिस्कवरच्या रोजमेळात उतरलेली असते. मधे वीज गेली तर चालू झाल्यावर ते रोजमेळ वाचून खतावणी पूर्ण करतं.

हलवणं अगदीच अवघड नाही. दोन बेस शेजारी उघडून टेबल इकडून तिकडे ओढता येतं. नवा डेटाबेस बनवताना अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा. जुना लॅटिन अक्षरसंच राहिला तर मराठीची नावं प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत. टेबलांमधली नाती आणि आपोआप वाढणारे क्रमांक पुन्हा बसवावे लागतात. आमच्या काही क्वेरीही अडल्या, कारण स्तंभांच्या नावांना जुना कारकून दुहेरी अवतरणचिन्हं लावतो आणि मारियाडीबीला वेगळं चिन्ह लागतं. अजून एक: आता ओडीबी फाइलची प्रत काढून उपयोग नाही, तिच्यात फक्त फॉर्म, क्वेरी आणि रिपोर्ट उरले आहेत. मारियाडीबीचा डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची प्रत, वेगळा काढावा लागतो. आमचा रोज रात्री आठला, वाचनालय बंद व्हायच्या आधी निघतो.

सगळं झाल्यावर काकूंसमोर तीन पुस्तकं चढवली आणि टर्मिनलमधून सॉफिस डॉट बिनला सिग्नल ९ दिला, म्हणजे कर्नलने दिला होता तोच. खिडकी गेली. काकू "अरे अरे!" करेपर्यंत पुन्हा उघडलं. तिन्ही पुस्तकं जागेवर. "बरं," काकू म्हणाल्या, आणि समोरच्या दाखल रजिस्टरमध्ये तीच तीन पुस्तकं शाईने लिहायला लागल्या.

त्या हरवलेल्या चाळीसपैकी एकोणचाळीस पुस्तकं शिक्क्यांवरचे दाखल क्रमांक बघून त्याच आठवड्यात पुन्हा चढवली होती. चाळिसावं त्या शनिवारीच एक सभासद घेऊन गेले होते, रजिस्टरमध्येही ते लिहायचं राहिलं होतं. ते परत आलं तोवर त्याचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देऊन झाला होता. काकूंनी रजिस्टरात दोन ओळींच्या मधल्या जागेत त्या क्रमांकापुढे ‘अ’ लावून ते लिहून टाकलं. संगणकात तो स्तंभ पूर्णांकाचा आहे, त्यात ‘अ’ बसत नाही. ते पुस्तक अजून संगणकात नाही.